दोन बोटं माया

ओट्टपालम
रविवार, ९ जानेवारी १९९४

तंगमणी,

तू गेल्याला या महिन्यात सतरा महिने होतील. एवढ्या काळात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. आजही लिहिते आहे ती सोबतच्या कागदांसाठी.

भास्करनने हे कागद अबुधाबीहून रजिस्टरने पाठवलेत. वकील पालक्काडचे आहेत. तीन ठिकाणी पेन्सिलने फुल्या केल्यात, तिथे तू सही करायची. त्याचं म्हणणं, दोघांच्या संमतीने काडीमोड झाला तर गाजावाजा न होता मोकळं होता येईल, कोर्टात एकमेकांची धुणी धुवायला नकोत. मलाही ते पटतं. तू बत्तीस वर्षांची, भावाच्या घरी राहतेस. मुली तुझ्याकडेच राहतील असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी दोनदा वाचून पाहिलं.

अम्माची नजर आता पार गेली. चार वाजले की तुझ्या धाकटीचं विचारते, "रेमा आली का गं शाळेतून?" मी "येईल" म्हणते. रोजचंच झालंय.

माझं शाळेत बरं चाललंय. शिवणाच्या वर्गाला यंदा एकोणचाळीस मुली आणि मशिनी चार. त्यातली एक बंद.

कागदांबद्दल मनात किंतु आणू नकोस. तुला या घरातून कुणी जा म्हटलं नव्हतं. तू आपण होऊन गेलीस. ही गोष्ट तूही नाकारणार नाहीस.

सही करून उलट टपाली पाठव. आतल्या पाकिटाला तिकीट लावलेलं आहे.

विलासिनी


ओट्टपालम
रविवार, ३० जानेवारी १९९४

तंगमणी,

कागद परत मिळाले. फुल्या तशाच कोऱ्या. शेवटच्या पानामागे तुझी एक ओळ: "ओप्पोळ, मी घर सोडलं असं यात लिहिलंय. का सोडलं ते यात नाही."

भास्करन मला ओप्पोळ म्हणतो, थोरली बहीण म्हणून. या घरात आलीस त्या दिवसापासून तूही तेच म्हणायला लागलीस. मला वाटलं होतं, आता तो शब्द तुझ्या तोंडून कायमचा गेला असेल.

तुझी ओळ वाचून आधी मला राग आला, खरं सांगते. या घराने तुझ्यासाठी काय केलं नाही? बाकीच्या बायका पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात. तुझी आई तू सहा वर्षांची असतानाच गेलेली. अम्मा म्हणाली, "तिला आई नाही तर आपण आहोत." श्रीजाच्या वेळी नाणी सुईण रोज सकाळी यायची, तुला तेल लावायची, पाला उकळलेल्या पाण्याने आंघोळ घालायची. पोटाला मुंडूचं कापड इतकं आवळून बांधायची की तू ओरडायचीस. अम्माने तीन दिवस चुलीपाशी बसून गूळ-औषधांचं लेह्य आटवलं. आणि भरवायला मी. मेथीची पेज, वर तूप. दुपारी भात, वर तूप. चार वाजता लेह्य. संध्याकाळी मटणाचा रस्सा.

तू म्हणायचीस, "पुरे ना ओप्पोळ, गळ्याशी आलंय."

मी म्हणायचे, "खा. दूध कुठून येणार? आभाळातून?"

आणि अम्मा आतून ओरडायची, "बाळंतिणीला भूक लागायची वाट बघत नसतात!"

नव्वद दिवस. शेजारणी तुला बघायला यायच्या. बाळाला नंतर, आधी तुला. तुझा दंड दाबून बघायच्या आणि अम्माला म्हणायच्या, "शाब्बास, सून अशी भरली पाहिजे. घराची अब्रू दिसते." बाळंतीण हडकली की लोक घराला नावं ठेवतात. आम्ही तुला घराची अब्रू म्हणून वाढवली.

मग एक्याण्णवावा दिवस उजाडला. तू मुंडू सोडून साडी नेसलीस आणि निऱ्यांना कापड पुरेना. ओसरीवर कुणीतरी म्हणालं, "बाई गं, आता जरा आवर."

ते कुणी म्हटलं हे आठवायचा आज मी पुष्कळ प्रयत्न केला. बहुतेक मीच.

वाटलं होतं, या पत्रात तुझ्या ओळीला चांगलं खरमरीत उत्तर देईन. तसं ते झालेलं नाही.

विलासिनी


ओट्टपालम
रविवार, २० फेब्रुवारी १९९४

तंगमणी,

तू उत्तर दिलं नाहीस. मी ते मागितलंही नव्हतं. तरी लिहिते.

तुझे सगळे ब्लाउज मी शिवले. लग्नातला बत्तीस छातीचा होता, मला अजून पाठ आहे. शिवताना बाजूला दोन बोटं माया ठेवायची असते, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. श्रीजानंतर ती माया मी उसवली. रेमाच्या वेळी पुन्हा नव्वद दिवस तेच तूप, तेच लेह्य, आणि नवे ब्लाउज अडतीसचे. ते उसवताना मी म्हटलं होतं, "आता मात्र मायाच उरली नाही हो!" अम्मा हसली, मी हसले. तूही हसलीस. तू बराच वेळ हसत होतीस, इतकं मला आठवतं.

तू जास्त खात होतीस असं सगळे म्हणायचे. मी रोज वाढत होते, मला माहीत आहे. माझ्याइतकंच खायचीस. रात्री पोरींचं उरलेलं, टाकवत नाही म्हणून, तेवढं वर. रेमा दोन वर्षं अंगावर पीत होती आणि तुला रात्रीची सलग झोप नव्हती. अंग उतरलं नाही ते नाहीच उतरलं. पुष्कळ जणींचं उतरत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया तशाच आहेत आणि त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात काहीसुद्धा येत नाही.

तुझ्याकडे बघताना यायचं.

तू या घरात आलीस तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. मला तीनदा बघायला आले होते. पहिल्याने निरोप पाठवला, मुलगी फार काडी आहे. दुसऱ्याच्या आईने माझ्या देखत विचारलं, "हिला मूल झेपेल का?" तिसऱ्याने निरोपसुद्धा पाठवला नाही. मग भास्करनचं लग्न झालं, आणि अम्मा गल्लीभर सांगत सुटली, सून बघा, सून बघा.

आता फोटोंचं. दर ओणमला आपण स्टुडिओत जायचो आणि भास्करनला फोटो पाठवायचो. रेमा झाल्यावर पहिल्या वर्षी मी तुला अम्माच्या खुर्चीमागे उभी केली. दुसऱ्या वर्षी दोन्ही पोरी तुझ्या पुढ्यात. तिसऱ्या वर्षी म्हटलं, "तू कशाला, यंदा मुलींचाच काढू." तू नवी साडी नेसून आली होतीस. स्टुडिओतल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिलीस. भास्करनने पत्रात विचारलं, तंगमणी फोटोत का नाही? मी कळवलं, त्या दिवशी तिला बरं नव्हतं. तो पाच वर्षं आला नाही, मालक सोडत नव्हता. परक्या मुलखात एकटा आहे, त्याच्या जिवाला उगाच घोर नको, असं मी स्वतःला सांगत होते.

म्हणजे पाच वर्षं तो तुझा लग्नातलाच फोटो उशाशी ठेवून झोपत होता.

आणि मग शोरनूरचा फलाट. तू तिथेच होतीस, तुला वेगळं काय सांगू? पण तू पाठमोरी होतीस, मी कुठे बघत होते ते तुला दिसलं नाही. गाडी दोन तास उशिरा आली. सकाळी तू तीनदा साडी बदललीस आणि शेवटी हिरवी नेसलीस. श्रीजा साडेसात वर्षांची, रेमाने बाप पाहिलेलाच नाही. भास्करन दोरीने बांधलेली खोकी घेऊन उतरला. तू हसत पुढे झालीस. गर्दी होती, तो घाईत होता, त्याने मान वर न करता, अनोळखी बाईला ताई म्हणावं तसं म्हटलं, "चेची, जरा वाट द्या."

आणि तू वाट दिलीस.

तो माझ्यापाशी आला, माझे हात धरले. म्हणाला, "ओप्पोळ! तंगमणी कुठाय? आली नाही?"

मी बोलले नाही. एक ते पाच मोजावेत एवढा वेळ गेला असेल. मग श्रीजा म्हणाली, "ही काय, माझी अम्मा आहे की इथं!"

त्याने वळून पाहिलं. तुझा चेहरा मला दिसला नाही, त्याचा दिसला.

मी का गप्प राहिले? गोंधळले होते.

विलासिनी


ओट्टपालम
रविवार, ६ मार्च १९९४

तंगमणी,

वकिलांचं पत्र आलं. तू सही करत नाहीस म्हणून ते आता वेगळा अर्ज घालणार आहेत: बायको आपण होऊन घर सोडून गेली, परत यायला तयार नाही. त्यात साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. जूनमध्ये तारीख पडेल. म्हणून उरलेलंही मला आताच लिहून टाकलं पाहिजे. नंतर धीर होणार नाही.

दोन महिन्यांची रजा भास्करनने कशी काढली ते तू सोसलंस. मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसता ओसरीवर बसून असायचा, जेवताना ताटाकडे बघायचा. एप्रिलमध्ये तो गेला. त्याच आठवड्यात तुझ्या घडी केलेल्या ब्लाउजात तुला साप्ताहिकातलं एक कात्रण सापडलं. "प्रसूतीनंतर सुटलेला बांधा चाळीस दिवसांत पूर्ववत." डब्यातली पूड, पोस्टाने घरपोच.

ते कुणी ठेवलं, हे तू कधी विचारलं नाहीस. मी ठेवलं. कात्रीने नीट कापून.

तू मागवलेलं पार्सल आलं तेव्हा पोस्टमनने ते माझ्याच हातात दिलं. मी ते तुझ्या उशाशी ठेवलं. तू सकाळ-संध्याकाळ पूड घ्यायचीस आणि दुपारी पेजेचं नुसतं पाणी. विहिरीवर दोनदा तुला घेरी आली. अम्मा कुरकुरायची, "खात नाही, पीत नाही, हिला झालंय तरी काय?" पाळी चुकली तेव्हा तू म्हणालीस, उपास केले की चुकते, मी वाचलंय. उलट्या व्हायच्या, आपण म्हटलं पुडीने होत असतील. गाल बसले, गळ्याची हाडं दिसायला लागली. पोट मात्र जाईना. उलट वाढलं.

जूनमध्ये एकदा मी तुझं माप घेत होते. टेप कमरेला लावली आणि म्हटलं, "एवढे उपास, आणि हे? लपून खातेस की काय?"

तंगमणी, माझा हात तुझ्या पोटावर होता. ते कडक लागलं. मी बावीस वर्षं मुलींना शिवण शिकवते, दिवसाला चाळीस अंगांवर टेप लावते, मऊ काय आणि कडक काय ते मला कळतं. मूल मी कधी पोटात धरलं नाही, तरी कळायला हवं होतं. मी वहीत आकडा लिहिला आणि टेप गुंडाळून ठेवली.

कर्किडकम महिन्यात, ऐन पावसात, ते झालं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "पाच महिने होऊन गेलेले. मुलगा होता. घरात तीन बायका असून एकीलाही कळलं नाही?"

मी म्हटलं, "ती मुळात जाड आहे हो. आम्हाला वाटलं..."

त्या म्हणाल्या, "दोन बाळंतपणांत शरीराने जे धरून ठेवलं ते ते सोडत नाही कधीकधी. त्यात तिने गुन्हा काय केला, की तुम्ही तिला उपाशी ठेवलीत?"

पुडीने झालं का उपासाने, का होणारच होतं, ते त्यांना सांगता आलं नाही. मी दोनदा विचारलं. मला हवं ते उत्तर मिळेना.

आता शेवटचं. भास्करनला मी कळवलं. तू खाटेवर होतीस, पत्र मी लिहिलं. लिहिलं की, तंगमणी बारीक व्हायला कुणाला न सांगता औषध घेत होती, त्यात मूल गेलं. कात्रणाचं लिहिलं नाही. पार्सल कुणी आणून दिलं ते लिहिलं नाही. त्यावर त्याचं तुला पत्र आलं, तीन ओळींचं. पहिली ओळ मीही वाचली, तू ते उघडंच टाकलं होतंस. "माझ्या मुलाला तू मारलंस." दुसऱ्या दिवशी सकाळी तू दोन्ही पोरींच्या वेण्या घातल्यास आणि भावाच्या गावची, कोल्लंगोडची बस धरलीस.

का सोडलं ते यात नाही, असं तू लिहिलंस. आता आहे.

विलासिनी


ओट्टपालम
रविवार, २० मार्च १९९४

तंगमणी,

परवा तुला भेटून आले तरी लिहिते. समोर असताना मला बोलता आलं कुठे?

तुझं कार्ड मिळालं होतं, "शुक्रवारी शाळेत या. घरी नको." मी रजा टाकली. तू पोरांचं जेवण रांधतेस ती शाळा सापडायला वेळ लागला नाही, पेजेचा वास रस्त्यापर्यंत येत होता. मला वाटलं होतं, तू खचून एका कोपऱ्यात बसली असशील. तू तर पदर खोचून, हातभर लांब डावल्याने एवढं मोठं पातेलं ढवळत होतीस, आणि तुझ्याबरोबर कामाला असलेली ती माधवी मूग निवडता निवडता तुला काहीतरी सांगत होती आणि तुझं हसणं अंगणभर ऐकू येत होतं.

मला बघून तू म्हणालीस, "आलात? त्या पाटावर बसा. पेज लागेल खाली."

माधवीने मला खालून वर पाहिलं. "ही तुझी नणंद? बसमधून उतरताना वाऱ्याने उडाली नाही हे नशीब!"

"उडाली असती तर मी इथून धरली असती," तू म्हणालीस. "मला कोण उडवतंय?" मग मला सांगितलंस, रेशनच्या दुकानात तांदळाच्या काट्यावर उभी राहिलीस, ब्याऐंशी किलो भरलीस. दुकानदार म्हणाला, एक पोतं आणि वर सात किलो. तू म्हणालीस, "पोत्याला दोन पोरी होत नाहीत!"

माधवीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मी हसले नाही. तुझ्या हसण्यावर आता माझा विश्वास नाही. पण हे त्या वेळचं हसणं नव्हतं, एवढं मला कळलं.

मी माफीचं बोलायला लागले तर तू डावलं वर केलंस. "ओप्पोळ, तुमची पत्रं मी वाचली. सगळी. ते क्षमा-बिमा आता काढू नका. मला जमणार नाही. कात्रण तुम्ही ठेवलं हे मला तेव्हाच माहीत होतं. तुमच्याइतकं सरळ त्या घरात कोण कापतं?"

"मग विचारलं का नाहीस?"

"मलाही हवं होतं ते. तुम्ही ठेवलं नसतं तर मी दुसरीकडून आणलं असतं." डावलं पुन्हा पातेल्यात घालून म्हणालीस, "तो पोटात हलला होता एकदा. मला वाटलं, भूक असेल."

मग घंटा झाली. दोनशे पोरं थाळ्या वाजवत आली. रेमा उड्या मारत आली आणि मला ओळखून लाजली. श्रीजा मागून आली. केवढी उंच झालीय! आणि तंगमणी, तिची मनगटं. तिने थाळी पुढे केली, तू दोन पळ्या पेज घातलीस, तिने एक परत पातेल्यात ओतली. तू बघितलंस. ती लांब भिंतीशी जाऊन बसली.

मी विचारलं, "हिला बरं नाही का?"

तू पोरांना वाढत होतीस, मान न वळवता सांगितलंस. वर्षभर असंच चाललंय. रेमाच्या ताटातलंही कमी करायला लागली तेव्हा तू तिला धरून विचारलंस. ती बापाबद्दल म्हणाली, "अच्छन आले तर त्यांनी आम्हाला ओळखलं पाहिजे ना."

"सकाळपासून दोनशे पोरांना जेवायला घालते मी," तू म्हणालीस. "आणि हिला घालता येत नाही. मी सांगून उपयोग नाही ओप्पोळ. मी कशी दिसते ते ती रोज बघते."

परत येताना बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी दांडा घट्ट धरून बसले होते. पालक्काड कधी आलं कळलं नाही.

विलासिनी


ओट्टपालम
रविवार, २६ जून १९९४

तंगमणी,

बुधवारी कोर्टात तू समोरच होतीस. मी काय बोलले ते ऐकलंस. वकिलांनी विचारलं, "ती स्वतःहून घर सोडून गेली, हे खरं ना?" त्यांनी मला घरी दोनदा पढवलं होतं. मी म्हटलं, बसमध्ये ती स्वतःहून बसली. बाकीचं सगळं आम्ही केलं. जज्जसाहेबांनी विचारलं, आम्ही म्हणजे कोण? मी म्हटलं, जास्त करून मी. मग ओळीने सांगितलं. फोटो, कात्रण, पार्सल, भास्करनला लिहिलेलं पत्र. वकील दोनदा मध्ये उठले, साहेबांनी त्यांना बसवलं.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. भास्करनने मला बाहेर चिंचेखाली गाठलं. माझा धाकटा भाऊ, केस निम्मे पांढरे झालेत. म्हणाला, "तू माझी बहीण आहेस की तिची?"

मी म्हटलं, "तुला मी खोटं लिहिलं. ते मला आधी निस्तरू दे."

तो पायाने माती उकरायला लागला. मग म्हणाला, "ओप्पोळ, त्या दोन महिन्यांत मी तिच्याकडे बघत नव्हतो, ते ती जाड झाली म्हणून नव्हे. मी तिला चेची म्हणालो होतो. आपल्या बायकोला. रोज वाटायचं, आज बोलू, आज माफी मागू. दिवस गेला की दुसऱ्या दिवशी आणखी लाज वाटायची. मग तुझं पत्र आलं, आणि मला ते बरंच झालं. दोष तिचा निघाला."

हे खरं की साक्षीनंतर सुचलेलं, मला सांगता येत नाही. मी तुला जसंच्या तसं कळवते आहे. तो घरी आला नाही, लॉजवर उतरला आणि शुक्रवारी परत गेला. अम्माला मी सांगितलं नाही तो आला होता ते. वकील म्हणतात हा अर्ज टिकणार नाही. पुढे सही करायची की नाही, ते तुझं तू ठरव. कागदावर खोटं काही राहू नये एवढंच मी बघणार होते.

आता जे सांगायला बसले ते.

तू रेमाला घेऊन तुझ्या वकिलाकडे गेलीस आणि श्रीजाला माझ्यापाशी सोडलंस. मी तिला कोर्टासमोरच्या हॉटेलात नेलं. मसाला डोसा मागवला. तिने एक तुकडा मोडला आणि ताट सरकवलं. "बास. पोट भरलं."

मी तिला सांगितलं. दहा वर्षांच्या मुलीला सांगावं तसं, पण सगळं. की तुझ्या अच्छनने तुझ्या आईला ओळखलं नाही, यात तिच्या अंगाचा काही दोष नव्हता. तुम्हा दोघींना पोटात वाढवताना, दूध पाजताना तिचं अंग बदललं. आम्हीच तिला भरवलं. आणि ती कशी दिसते ते तुझ्या अच्छनला पाच वर्षं कुणी कळूच दिलं नाही. मी दिलं नाही. फोटोतून मी तिला बाजूला काढलं होतं.

ती ऐकत होती. तुझ्यासारखीच, चेहऱ्यावर काही न दाखवता. मग म्हणाली, "अम्मायी, तुला तर माहीत होतं ना ती कोण आहे ते? मग तू का नाही सांगितलंस? मला सांगावं लागलं."

तुला फेब्रुवारीत लिहिलं होतं की मी गोंधळले होते. ते खोटं होतं, तंगमणी. तिच्याकडे बघून मला ते पुन्हा बोलता येईना.

मी म्हटलं, "मला बरं वाटलं होतं."

"काय?"

"त्याने तुझ्या आईला ओळखलं नाही आणि मला लांबून ओळखलं, त्याचं मला बरं वाटलं. तेवढा वेळ मी गप्प राहिले. म्हणून सांगितलं नाही."

वेटर पाणी ठेवून गेला. श्रीजा माझ्याकडे बघत होती. मोठ्या माणसाकडे मुलं बघतात तशी नव्हे. मी शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघते तशी. मला वाटलं, रडेल, उठून जाईल. ती म्हणाली, "म्हणजे मी बारीक राहिले तरी काही उपयोग नाही ना. मोठी माणसं आपली तशीच वागणार."

"हो," मी म्हटलं. "तसंच."

तिने ताट पुढे ओढलं. डोसा गार होऊन वातड झाला होता. मी म्हटलं, दुसरा मागवते, तिने नको म्हणून मान हलवली. खाली मान घालून सगळा खाल्ला, बटाट्याची भाजी बोटाने पुसून घेतली. माझ्याशी मग एक शब्द बोलली नाही. बसपर्यंत माझ्याबरोबर चालली, पण माझा हात धरला नाही. तू रेमाला घेऊन आलीस तेव्हा ती पळत तुझ्याकडे गेली आणि मागे वळली नाही, ते तू पाहिलंसच.

ती माझ्याशी न बोलली तरी चालेल. पुढेही. तुला एवढंच कळवायचं होतं की बुधवारी दुपारी श्रीजा पोटभर जेवली आहे.

विलासिनी